जोडावी कीं जपावी?



गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराचे मोटार-कारखानदार दरवर्षीं शरद ऋतूंत नव्या सालच्या गाड्या बाजारांत आणीत. मागल्या सालच्या गाडीहून दिव्यांची ठेवण निराळी, पाठीमागचे पंख बोटभर उंच, तोंडावरच्या जाळीचा घाट वेगळा. आंतलें यंत्र मात्र पुष्कळदां तेंच. गाडी झिजण्यापूर्वींच ती मालकाला जुनी वाटूं लागावी, हा त्यांतला डाव होता. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून चिमुकली मोटार बनविण्याचा जो नाद पुढें देशोदेशीं पसरला, त्याच्या इतिहासांतला सर्वांत रंगतदार आणि सर्वांत चुटपुट लावणारा भाग याच डावांतून निघाला आहे.

1948 सालीं मिशिगन संस्थानांतील ट्रॉय गांवीं ‘ॲल्युमिनम मॉडेल टॉईज’ नांवाची कंपनी निघाली. ए. एम. टी. या आद्याक्षरांनींच ती पुढें ओळखली गेली. नांवांत ॲल्युमिनम असलें तरी ती लवकरच प्लॅस्टिककडे वळली. तिचें मुख्य गिऱ्हाईक म्हणजे खऱ्या मोटारी विकणारे दुकानदार. नव्या गाडीची हुबेहूब प्रतिकृति, तीहि कारखान्याच्या खऱ्या रंगांत, दुकानाच्या कांचेंत मांडावी, आणि बाप गाडी पाहत असतां मुलाच्या हातीं एक ठेवावी, अशी ही योजना. मुलाचा हट्ट बापाच्या निश्चयापेक्षां बळकट असतो, हें विक्रेत्यांस पक्कें ठाऊक होतें. प्रतिकृति खऱ्या गाडीबरोबरच बाजारांत यायला हवी, म्हणून मोटार-कारखान्यांचे नकाशे या खेळणीवाल्यांच्या हातीं कित्येक महिने आधीं पडत.

इकडे कॅलिफोर्नियांत लुईस ग्लेझर यांच्या रेव्हेल कंपनीनें 1950 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत जुन्यापुराण्या मोटारींचे सुटे संच काढले होते. खऱ्या गाडीच्या एकबत्तिसांश आकाराच्या त्या गाड्या घरीं बसून जोडायच्या असत. ते संच चांगले खपले. तेव्हां ए. एम. टी.नेंहि विचार केला असला पाहिजे, कीं दुकानदारांसाठीं केलेले सांचे हाताशीं आहेतच, मग तेच भाग न जोडतां खोक्यांत घालून विकले तर? 1958 सालीं तिनें चालू सालच्या गाड्यांचे संच एकपंचविसांश आकारांत बाजारांत आणले. सुमारें 210 इंच लांबीची गाडी या मापानें साडेआठ इंचांच्या आंत बसते. किंमत दीड डॉलरच्या आंतबाहेर. खोक्यावर ‘एकांत तीन’ अशी जाहिरात असे, आणि ती खोटी नव्हती. त्याच भागांतून कारखान्यांतून निघाली तशी गाडी करावी, शर्यतीची करावी, किंवा मन मानेल तशी नटवावी. प्रारंभींच्या संचांत इंजिन नसे, चाकांचे आंस धातूचे असत. पण दहा वर्षांच्या मुलाला दीड डॉलरांत आपल्या मनासारखी गाडी घडवितां येत होती.

संच उघडला म्हणजे डहाळीला कैऱ्या लोंबाव्या तसे सारे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले दिसतात. तापवून पातळ केलेलें पॉलिस्टायरीन पोलादी सांच्यांत मोठ्या दाबानें शिरतें तेव्हां ज्या वाटांनीं जातें, त्या वाटाच थंड होऊन या काड्या बनतात. भाग कापून घ्यावा, कांचकागदानें कड साफ करावी, मग चिकटवावा. चिकटविण्याचें द्रव्य म्हणजे डिंक नव्हे. तें प्लॅस्टिकलाच विरघळवितें. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रव्य उडून गेल्यावर भाग एकजीव होतो. म्हणून येथें घाईला क्षमा नाहीं. बोटाला लागलेला एक थेंब टपावर पडला, कीं बोटाचा ठसा तेथें कायमचा उमटलाच! चकचकीत बंपरांचा मुलामा आणखी गमतीचा: निर्वात पेटींत ॲल्युमिनमची वाफ करून ती प्लॅस्टिकवर बसवितात.

मोटारीचा वरचा सांगाडा एकसंध काढणें हें सांचे करणाऱ्यांचें खरें कसब. टप, दोन्ही बाजू, पुढचें तोंड, मागचें तोंड हें सारें एकाच ओतींत यायचें, म्हणजे सांच्याच्या बाजू सरकत्या हव्या. नाहींतर आंत अडकलेला सांगाडा बाहेर निघायचाच नाहीं. असा पोलादी सांचा कोरण्यास वेळ फार आणि खर्च त्याहून फार. तो दरवर्षीं नवा करणें परवडण्याजोगें नव्हतें. त्यामुळें जेथें गाडीचें रूप थोडेंच बदललें असेल तेथें मागल्या सालचाच सांचा घेऊन त्यांत पालट करीत. जुनी जाळी बुजवायची, नवी कोरायची. नवें रूप कोरलें, कीं जुनें रूप त्या पोलादांतून नाहींसें होई. मग मागल्या सालची गाडी पुन्हां काढूं म्हटलें तरी काढतां येत नसे. जीं खोकीं आधीं विकलीं गेलीं तेवढींच काय तीं उरलीं.

आणि तीं बहुतेक उरलीं नाहींत. मुलांनीं तीं जोडलीं, रंगविलीं, जमिनीवर पळविलीं, एकमेकांवर आपटलीं, आणि पुष्कळांनीं शेवटीं फटाके लावून उडवून दिलीं. मुलांनीं केलें तें योग्यच केलें. त्यासाठींच तीं विकलीं होतीं. पण तींच मुलें मोठीं होऊन खिशांत पैसा आल्यावर जुनें खोकें शोधूं लागलीं, तेव्हां न उघडलेला संच दुर्मिळ झाला होता. पोस्टाचें तिकीट अल्बमांत ठेवलें तरी तें तिकीटच राहतें, नाणें जपलें तरी नाणेंच. संचाचें तसें नाहीं. तो ज्या कामासाठीं निर्माण झाला तें काम केलें कीं संच संपतो, आणि न करावें तर मोटार कधीं जन्मालाच येत नाहीं. संग्राहकांच्या घरांतला वाद येथेंच पेटतो. एक म्हणतो, जोडलेली गाडी शेंकड्यांनीं मिळते, ही मोहोरबंद एकच आहे. दुसरा म्हणतो, मग कपाटांत काय नुसते कागदी खोकेच पुजायचे? दुसऱ्याचें म्हणणें अधिक जिवंत वाटतें खरें. तथापि पहिल्यासारखे लोक नसते तर आज कित्येक गाड्यांचा नमुनाहि हातीं लागला नसता.

कारण त्या नमुन्यांवरूनच पुढें काम झालें. ए. एम. टी. 1978 सालीं इंग्लंडच्या लेझनी कंपनीकडे गेली, पुढें आणखी हात बदलले; आज तें नांव राउंड टू या अमेरिकन कंपनीकडे आहे, आणि तिनें हरवलेल्यांपैकीं कांहीं रूपें पुन्हां घडविलीं आहेत. याशिवाय घरगुती कारागीर जुन्या सांगाड्याचा रबरी सांचा घेऊन त्यांत राळ ओततात आणि थोड्या प्रती काढतात. त्या प्रतींना मूळ पोलादाची धार नसते, पण नाहींपेक्षां बऱ्या. जपानांतील तामिया कंपनीची रीत या सर्वांहून न्यारी. 1976 सालच्या आपल्या मोठ्या पोर्शे-प्रतिकृतीसाठीं तिनें खरीखुरी पोर्शे 911 विकत घेतली आणि ती सोडवून तिचे भाग अभ्यासले. अशा काटेकोरपणापुढें जुन्या अमेरिकन संचाचें एकपत्री तळ ओबडधोबड दिसतें. परंतु त्या सालची गाडी नवी असतां, त्याच सालच्या नकाशावरून ती काढली, हा त्याचा मान कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं.

जपणाऱ्यांनाहि निर्धास्त राहतां येत नाहीं. 1960 च्या सुमारापर्यंतच्या दुकानी प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. त्या काळानें वांकतात, टप खालीं बसतो. पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चित्रें पिवळीं पडतात. तीं कांचेच्या खिडकीला लावून उन्हें देत बसावें लागतें. सर्वांत कपटी शत्रु मात्र खोक्याच्या आंतच असतो. टायर मऊ राहावेत म्हणून त्यांच्या व्हिनिलमध्यें घातलेलें तेलकट द्रव्य वर्षानुवर्षें हळूहळू बाहेर पाझरतें, आणि टायर ज्या भागाला टेकला असेल तो भाग विरघळवितें. साठ वर्षें मोहोरबंद राहिलेलें खोकें उघडावें, तों कांचेवर किंवा टपावर टायराचा गोल ठसा खोल रुतलेला! म्हणून जाणते संग्राहक मोहोर फोडण्याचें दुःख एकदां सोसतात, टायर तेवढे निराळ्या पुडींत बांधतात, आणि खोकें पुन्हां कपाटांत ठेवतात.