तळ आणि आरमार : पोर्तुगीज सागरी साम्राज्याचा धडा



इ. स. १५१० च्या पावसाळ्यात मांडवी नदीच्या मुखाशी एक पोर्तुगीज आरमार अडकून पडले होते. त्याचा सेनापती होता आफोंसो द आल्बुकेर्क. त्याच वर्षाच्या आरंभी त्याने गोवा शहर फारशा प्रतिकाराविना घेतले होते. परंतु मे महिन्यात आदिलशाही फौज चालून आली आणि त्याला शहर सोडून जहाजांचा आश्रय घ्यावा लागला. पुढे खवळलेला समुद्र, नदीमुखावर उथळ वाळूपट्टा, काठावर शत्रूच्या तोफा. ऑगस्टपर्यंत सुटका नव्हती. अन्न सरले, तेव्हा खलाशांनी उंदीर मारून खाल्ले आणि चामडे उकळून पोट भरले, असे पोर्तुगीज बखरकार लिहितात.

जहाजे होती, तोफा होत्या, कसलेले दर्यावर्दी होते. मात्र पाय टेकावयास हक्काचा किनारा नव्हता. सागरी साम्राज्याला परक्या किनाऱ्यावरील तळ कशासाठी लागतो, याचे उत्तर त्या तीन महिन्यांत दडलेले आहे.

या प्रश्नावर पोर्तुगीजांतच तीव्र मतभेद होता. १५०५ साली आलेला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने कारवारजवळील अंजदीव बेटावर आणि कण्णूरला किल्ले उभारले खरे. परंतु किल्ल्यांची संख्या वाढवण्यास त्याचा विरोध होता. किल्ले जितके अधिक, तितकी शिबंदी विखुरलेली आणि सत्ता दुबळी; बळ समुद्रावर असले की किनारे आपोआप नमतात, असा त्याचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या लढाईत त्याने इजिप्तचे मामलुक, गुजरात आणि कालिकत यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव करून आपले म्हणणे जणू सिद्धच केले.

आल्बुकेर्कचा विचार निराळा होता. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास भारताच्या किनाऱ्याला लागे. वाटेत अर्धेअधिक खलाशी रोगाने खंगत. उष्ण समुद्रातील किडे लाकडी तळ पोखरीत. जहाज किनाऱ्यावर ओढून त्याची डागडुजी केल्यावाचून गत्यंतर नसे. जून ते ऑगस्ट पश्चिम किनारा नौकानयनास बंद. अशा स्थितीत तुटलेली डोलकाठी, जखमी शिपाई आणि रिकामे पिंप घेऊन जावे कोठे? प्रत्येक वेळी लिस्बनला? ज्या पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम दहा-पंधरा लाख होती, त्याला हे परवडणारे नव्हते. मित्रराजांच्या बंदरांत आश्रय मिळे. पण तो त्यांची मर्जी असेपर्यंतच.

म्हणून तो नोव्हेंबरमध्ये परत आला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा दुसऱ्यांदा पडले. त्यानंतर शहरातील मुसलमान रहिवाशांची त्याने निर्दय कत्तल केली आणि त्याचे वृत्त स्वतःच राजाला कळवले. साम्राज्याच्या या पायाभरणीचे हे रक्तरंजित रूप झाकून ठेवण्याचे कारण नाही.

गोव्याची निवड मात्र डोळसपणे झाली होती. तिसवाडी हे मांडवी आणि जुवारी यांनी वेढलेले बेट. जमिनीकडून येणाऱ्या शत्रूलाही पाणी ओलांडावे लागे. पश्चिम किनाऱ्याच्या साधारण मध्यावरचे स्थान, जहाजबांधणीचे कसबी कारागीर, जवळच्या रानांतील उत्तम लाकूड. विजयनगर आणि दख्खनचे सुलतान या दोघांनाही लागणारे अरबी व इराणी घोडे याच वाटेने येत. पोर्तुगीज शिपायांनी स्थानिक स्त्रियांशी लग्ने करून येथेच स्थायिक व्हावे, असे उत्तेजन आल्बुकेर्कने दिले. कारण मनुष्यबळही लिस्बनहून सतत आणणे शक्य नव्हते.

गोव्यापाठोपाठ त्याने समुद्राच्या दारांकडे मोर्चा वळवला. ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का घेतले. चीन आणि मसाल्याच्या बेटांकडील व्यापाराचा अरुंद मार्ग हाती आला. १५१५ मध्ये होर्मुझ पक्के केले. इराणी आखाताच्या मुखावर नाके बसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गोव्यासमोर जहाजावरच त्याचा अंत झाला. या नाक्यांच्या बळावर पोर्तुगीजांनी परवान्याची पद्धत रूढ केली. व्यापारी जहाजाजवळ ‘कार्ताझ’ नसेल, तर ते जहाज लुटीस पात्र. पिढ्यान्‌पिढ्या मुक्तपणे वावरलेल्या समुद्रावर भारतीय व्यापाऱ्याला परक्याकडून परवाना घ्यावा लागला. भूमीवर बलाढ्य असलेल्या मोगल बादशाहीच्या जहाजांनाही तो चुकला नाही.

साखळीची एक कडी मात्र जुळली नाही. मार्च १५१३ मध्ये एडनच्या तटाला लावलेल्या शिड्या शिपायांच्या भाराने मोडल्या आणि हल्ला फसला. १५३८ मध्ये एडन तुर्कांनी घेतले. तांबड्या समुद्राचे दार उघडे राहिले आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास मिरी पुन्हा त्या वाटेने अलेक्झांड्रियाला व तेथून व्हेनिसला मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. एका नाक्याच्या अभावी मक्तेदारीचे भांडे गळू लागले.

तथापि आल्मेदाचे म्हणणे खोटे ठरले काय? पुढच्या शतकाने त्याचीही बाजू मांडली.

होर्मुझ बेटावर गोडे पाणी जवळजवळ नाही. ते शेजारच्या किश्म बेटावरून आणावे लागे. इराणच्या शाह अब्बासजवळ फौज होती, आरमार नव्हते. ती उणीव इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी भरून काढली. १६२२ च्या आरंभी प्रथम किश्मचा किल्ला, म्हणजे पाणीच, शत्रूच्या हाती गेले. काही महिन्यांतच होर्मुझ पडले. पूर्वेकडे डचांनी १६१९ पासून बटाव्हिया हे आपले स्वतंत्र ठाणे उभारले होते. तेथून निघालेली त्यांची आरमारे १६३० च्या दशकाअखेरपासून काही वर्षे हंगामाहंगामाला गोव्याच्या तोंडाशी येऊन उभी राहात. मलाक्काला वेढा पडला तेव्हा कुमक जाणार कशी? जानेवारी १६४१ मध्ये ते पडले. १६५६ मध्ये कोलंबो, १६६३ मध्ये कोची. किल्ल्यांच्या भिंती भक्कम होत्या. त्यांना जोडणारा समुद्र तेवढा पोर्तुगीजांचा राहिला नव्हता.

उत्तर कोकणात हाच अनुभव मराठ्यांनी त्यांना दिला. १७३७ मध्ये साष्टी गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला निकराचा वेढा घातला, त्याच वर्षी व्यंकटराव घोरपडे गोव्यालगतच्या प्रदेशात उतरले. गोव्याला स्वतःचीच चिंता. वसईला तारणार कोण? मे १७३९ मध्ये वसई शरण आली, १७४० च्या तहाने चौलही सुटले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. त्यामागे या किनाऱ्याचाच कटू अनुभव उभा होता.

तात्पर्य असे, की तळावाचून आरमार निराधार असते आणि आरमारावाचून तळ ओलीस ठरतो. पोर्तुगालच्या उदयाचे श्रेय आल्बुकेर्कच्या दृष्टीला असेल, तर ऱ्हासाचे निदान आल्मेदाने आधीच करून ठेवले होते.

ती दारे आजही तेथेच आहेत. एडनसमोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावर, जिबूतीमध्ये, चीनने २०१७ साली आपला पहिला परदेशी लष्करी तळ उघडला. मलाक्काच्या पश्चिम मुखाशी अंदमान-निकोबार बेटे आहेत. तेथे भारताने २००१ साली तिन्ही दलांचे संयुक्त मुख्यालय स्थापन केले. कारवारचा नौदल तळ २००५ साली कार्यान्वित झाला. आल्मेदाने किल्ला बांधलेले अंजदीव त्याच्याच परिसरात येते. परक्यांनी पाचशे वर्षांपूर्वी ओळखलेले मर्म स्वतंत्र भारताने ओळखले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु धावपट्टी आणि धक्का बांधून कर्तव्य संपत नाही. त्या धक्क्याला लागणारी जहाजे, ती बांधणाऱ्या गोद्या आणि त्यांसाठी वर्षानुवर्षे पैसा देण्याची समाजाची तयारी, हे सारे मिळून तळ होतो.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाच्या ‘बेटवा’ आणि ‘बियास’ या युद्धनौका मुरगावच्या बंदराशी आल्या, तेव्हा त्यांना सामोरी जाण्यास पोर्तुगालची एकच मोठी युद्धनौका तेथे होती. थोड्याच वेळात तोफांच्या माऱ्याने जखमी होऊन ती किनाऱ्याच्या वाळूत रुतली. लिस्बनहून तिच्या साहाय्याला कोणीही आले नाही. त्या नौकेचे नाव होते ‘आफोंसो द आल्बुकेर्क’.