पडद्यावरचा धडा आणि हातातील कसब

(नभोवाणीवरील भाषण)

विद्या हवी असेल तर विद्यार्थ्याने घर सोडून तिच्याकडे जावयाचे, हा आपल्याकडील फार जुना परिपाठ आहे. सुताराचा शागीर्द सुताराच्या दारी बसे, गवयाचा शिष्य गुरूकडे पाणी भरी आणि शाळा निघाल्या तेव्हाही मुलालाच पाटी-दप्तर घेऊन शाळेची वाट चालावी लागली. गेल्या काही वर्षांत हा क्रम उलटला आहे. २०१६ पासून भारतात मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० साली टाळेबंदीत शाळांची दारे बंद झाली. या दोन घटनांमुळे स्मार्टफोन हे हां हां म्हणता शिक्षणाचे साधन होऊन बसले. आता विद्याच विद्यार्थ्याच्या खिशात येऊन बसते. तिला केव्हा बोलू द्यावयाचे आणि केव्हा गप्प करावयाचे, हेही तोच ठरवितो. या सोयीने माणसाला खरोखर काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार करणे हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

इंदूरचा कृष्णपुरा हे या विचारासाठी चांगले ठिकाण आहे. राजवाड्यापासून थोड्या अंतरावर, खान नदीच्या काठी, होळकर घराण्यातील कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या उभ्या आहेत. त्यांच्या दगडांवरील कोरीव काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे कसब देत आलेले हात होते. त्या छत्र्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत आज निराळ्या प्रकारची विद्या घेतली जाते. दुपारची निजानीज झाल्यावर एखादी गृहिणी पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवते आणि पडद्यावरील बाई अस्तराचा ब्लाऊज कसा बेतते हे पाहते. नोकरीच्या शोधात असलेला एखादा तरुण बिघडलेला फोन कसा उघडावा, त्यातील कोणत्या जागी डाख द्यावा, याचे धडे रात्री घेतो. पेन्शनीत निघालेले एखादे आजोबा आयुष्यभर मनात राहिलेली पेटी शिकावयास बसतात. या तिघांपैकी कोणालाही शिकवणीची फी परवडली असती किंवा वर्गाची वेळ साधली असती, असे नाही.

या धड्याचा पहिला गुण म्हणजे त्याची सहनशीलता. शिकविणारा मनुष्य कितीही चांगला असला, तरी तीच गोष्ट सातव्यांदा विचारल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडते. पडद्यावरील शिक्षक सत्तरदा विचारले तरी त्याच सुरात सांगतो. त्याला थांबविता येते, मागे नेता येते, त्याच्या बोलण्याची आणि हातांची गती निम्मी करता येते. ज्यांची शाळा लहानपणीच सुटली आणि चारचौघांत 'मला समजले नाही' असे म्हणण्याची ज्यांना लाज वाटते, अशा प्रौढ माणसांना हा गुण फार मोलाचा आहे. दुसरा गुण जवळून दिसण्याचा. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरील मुलाला शिक्षकाची बोटे दिसत नाहीत. पडद्यावर सुईत दोरा ओवणारी बोटे कोणाच्याही डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर येतात.

आपल्या देशात या मार्गावर केवळ हौशी मंडळीच चालत आहेत, असे समजण्याचे कारण नाही. २००३ साली देशातील सात आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन एन्. पी. टी. ई. एल्. या नावाने आपली व्याख्याने सर्वांना खुली करण्याचे काम हाती घेतले. २०१७ च्या जुलै महिन्यात केंद्र शासनाने 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. त्यावरील प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे असतात : चित्रफितीतील व्याख्यान, वाचावयाचा मजकूर, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी प्रश्न आणि शंका विचारण्याची जागा. शिकण्यास पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर तेवढे शुल्क भरावे लागते. मुंबईच्या आय. आय. टी.ने तयार केलेली 'स्पोकन ट्युटोरियल' ही मालिका तर मराठी श्रोत्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. संगणकाच्या वापराचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे धडे इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतही बोलतात. त्यांची एक शिस्त अनुकरणीय आहे. संगणकाच्या पडद्याच्या एका बाजूला धडा चालू ठेवावयाचा आणि दुसऱ्या बाजूला शिकणाऱ्याने लगेच तीच कृती स्वतः करून पाहावयाची. नुसते पाहत बसणे या पद्धतीला मान्यच नाही.

शाळेच्या क्षेत्रातील उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यू. आर. संकेतचिन्हे छापण्याची कल्पना काढली. त्या चौकोनी ठशावर फोन धरला, की त्या धड्याचे चित्र आणि ध्वनी समोर येतात. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ही चिन्हे आली आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या हकीकतीत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की तेथे फोनच्या मागे एक शिक्षक उभा होता. कोणत्या मुलाला कोणता धडा केव्हा दाखवावा, हे त्याला ठाऊक होते.

येथूनच दुसऱ्या बाजूचा विचार सुरू होतो. ब्लाऊज बेतण्याचेच उदाहरण घ्यावे. पडद्यावरील बाई सांगते त्या मापाने मुंढा कापला, गळा कापला, शिलाईसाठी कापड सोडले, तरी अंगात घातल्यावर ब्लाऊज खांद्यावरून उतरतो. चूक कोठे झाली? कापड आडव्या धाग्यावर ठेवले गेले, की माप घेताना फीत सैल पडली, की मशीनच्या दोऱ्याचा ताण जास्त होता? पडद्यावरील बाईने हा ब्लाऊज पाहिलेलाच नाही. तिच्याकडे शंभर उत्तरे आहेत, परंतु यापैकी कोणते लागू पडते हे ती सांगू शकत नाही. शेजारची अनुभवी शिंपीण मात्र एका नजरेत सांगते, आणि पुष्कळदा सांगतही नाही, नुसता मुंढ्याला चिमटा घेऊन दाखविते. डाख देण्याचेही तसेच आहे. तार किती तापली म्हणजे डाख धरतो, हे ज्याच्या हाताला एकदा कळले त्याला कळले. ते शब्दांत पुरते उतरत नाही आणि चित्रात दिसत नाही. डोळ्यांना समजलेली गोष्ट हाताला समजली, असा भ्रम निर्माण होणे हा या शिक्षणातील सर्वांत मोठा धोका होय. दहा चित्रफिती पाहून उठलेल्या माणसाला आपण पोहावयास शिकलो असे वाटू लागते. पाण्यात उतरेपर्यंत त्याचा तो समज कायम राहतो.

यंत्रावरून शिकणे ही गोष्ट माळव्याला अगदीच नवी नाही. इंदूरहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या देवास येथे १९४८ पासून अखेरपर्यंत राहिलेले पं. कुमार गंधर्व हे त्याचे विलक्षण उदाहरण आहे. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेला हा मुलगा लहान वयातच ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून थोरामोठ्या गवयांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवी. लोक थक्क होत. तबकडी हीच त्याची त्या काळची चित्रफीत म्हणावयास हरकत नाही. परंतु तो तेथेच थांबला असता, तर इतिहासात एका अजब नकलाकाराची नोंद राहिली असती. पुढे तो मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे गेला. तेथे त्याला गुरू मिळाला, निरनिराळ्या घराण्यांचे गाणे समोर बसून ऐकावयास मिळाले, सहाध्यायी मिळाले आणि गाण्यामागील विचार करण्याची सवय लागली. तबकडीने त्याला स्वर दिले, स्वतःचे गाणे त्याला माणसांच्या सहवासात सापडले. इंदूरच्याच चित्रकलेचा इतिहासही हेच सांगतो. १९२७ साली येथे कलाशाळा सुरू झाली. तेथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे आणि म. फि. हुसेन यांच्यासारखे चित्रकार तयार झाले. चित्रांच्या छापील प्रती त्या काळीही मिळत होत्या. तरीही शिष्याच्या कागदावर गुरूने ओढलेली एक दुरुस्तीची रेघ त्या सर्व प्रतींपेक्षा अधिक शिकविते, हे कलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते.

एकट्याने शिकणाऱ्याची आणखी एक अडचण चिकाटीची आहे. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत पोहोचले ते वीस हजारांहून थोडे अधिक. आरंभीच्या उत्साहाला फी पडत नाही, म्हणून तो सोडतानाही काही वाटत नाही.

या अडचणीवरचा उपाय मराठी मुलखात फार पूर्वी करून पाहिलेला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपल्या गावात काय करता येईल ते ठरवीत. ज्या गावांत नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हते, त्यांचीही तुलनेसाठी पाहणी करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्टपणे अधिक दिसली. रेडिओ तोच, आवाज तोच. फरक पडला तो चार माणसे एकत्र बसून बोलली म्हणून. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली. रेडिओच्या जागी आज फोन आला आहे, परंतु माणसाच्या शिकण्याची रीत काही बदललेली नाही.

कृष्णपुऱ्यातील घरांचा विचार करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो. तो आधी कमावत्या पुरुषाच्या हाती, मग शिकणाऱ्या मुलाच्या, मग मुलीच्या आणि सर्वांच्या शेवटी घरातील बाईच्या हाती येतो. तो येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. ज्या बाईला शिवणातून चार पैसे मिळून घराला हातभार लागणार, तिचीच पाळी शेवटची. एक तास तिच्यासाठी राखून ठेवणे, हे त्या घराचे खरे शैक्षणिक धोरण ठरेल. दुसरी गोष्ट फसवणुकीची. 'पंधरा दिवसांत शिका आणि महिन्याला हजारो मिळवा' असे सांगणारे अभ्यासक्रम पडद्यावर कमी नाहीत. शिकविणारा कोण, त्याने ते काम स्वतः केले आहे काय, प्रमाणपत्र कोणती संस्था देते आणि ते कोण मानते, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज पैसे भरू नयेत. विजेच्या कामासारखे ज्यात जिवाला धोका आहे, ते काम केवळ चित्रफीत पाहून करू नये, हे तर निक्षून सांगितले पाहिजे.

मग करावे काय? शिकणाऱ्याने एका वेळी एकच अभ्यासक्रम धरावा आणि तो पुरा करावा. जवळ वही ठेवावी, कारण लिहिलेले टिकते. पाच मिनिटे पाहिले की थांबून तेवढे हाताने करावे. जुन्या कापडावर, निकामी झालेल्या फोनवर आधी चुका कराव्यात. आणि केलेले काम जाणत्या माणसाला दाखवावे, त्याने नाव ठेवले तर उपकार मानावेत. समाजानेही आपला वाटा उचलावा. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्था आहेत, वाचनालये आहेत, चर्च, मठ-मंदिरे आणि शाळा यांची सभागृहे सायंकाळी रिकामी असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे भिंतीवर धडा दाखवावा आणि त्या कलेतील एखाद्या वृद्ध कारागिराला मानाने खुर्ची द्यावी. धडा संपला की दहा जणांनी आपापले काम त्याच्यापुढे ठेवावे. ज्या कारागिराची विद्या आज कोणी विचारत नाही, त्याला शिष्य मिळतील आणि ज्यांना गुरू नाही, त्यांना गुरू मिळेल. मराठीत धडे नसतील तेथे हिंदी धड्याचा अर्थ मराठीत सांगणारेही कोणी तेथे निघेल. मुंढा, उरेब, डाख असे आपल्या कारागिरांच्या तोंडचे शब्दही त्या निमित्ताने नव्या पिढीच्या कानी पडत राहतील.

शुभवर्तमानात पेरणाऱ्याचा एक दाखला आहे. बी सर्वत्र सारखेच पडते. काही वाटेवर पडून पाखरे टिपतात, काही खडकावर उगवून उन्हाने करपते, काही काट्यांत गुदमरते आणि जे चांगल्या जमिनीत पडते तेच फळ देते. आज विद्येचे बी इतक्या मुबलकपणे उधळले जात आहे, की पूर्वी कधी तसे झाले नसेल. त्या बियाण्याची कमतरता आता कोणालाच नाही. ज्याने त्याने आपापली जमीन नांगरून ठेवावी आणि शेजाऱ्याच्या नांगरणीलाही हात लावावा, एवढेच काम उरले आहे.