हिऱ्याची पाटी : तेल कीं पाणी?

(नभोवाणीवरील भाषण)



माझ्या वडिलांच्या हत्यारांच्या पेटींत धार लावण्याचा एक काळसर दगड होता आणि त्या दगडाशेजारीं तेलाची एक लहानशी कुपी नेहमीं असे. रविवारीं सकाळीं दगडावर दोन थेंब तेल पाडून ते आपल्या पटाशीला आणि आईच्या सुरीला धार लावीत. हा संस्कार माझ्या मनांत इतका खोल रुजला होता कीं, कांहीं वर्षांपूर्वीं मीं हिऱ्याची पाटी विकत आणली, तेव्हां कसलाहि विचार न करतां तिच्यावर तेल ओतलें. आणि तेंहि स्वयंपाकघरांत हाताशीं होतें तें, म्हणजे करडईचें. धार लावून झाल्यावर पाटी तशीच खणांत गेली व पावसाळाभर तेथेंच राहिली. दिवाळीच्या सुमारास बाहेर काढून पाहातों, तों तिच्यावर पिवळसर चिकट थर बसलेला, आणि सुरी तिच्यावर नुसती घसरत होती. हिरे झिजले, असा मीं निष्कर्ष काढला. अधिक जोर लावला. सुरी निसटली आणि डाव्या अंगठ्याला तीन टांके पडले. आजच्या भाषणाचा विषय मला त्या टांक्यांनींच दिला आहे.

हिऱ्याची पाटी म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण तिला 'दगड' म्हणण्याची जी चाल पडली आहे, तिच्यांतच निम्मा घोटाळा आहे. ही वस्तु दगड नव्हेच. ती पोलादाची सपाट पट्टी असते. तिच्यावर हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण पसरतात आणि विजेच्या मुलाम्यानें निकेल धातूचा पातळ थर चढवून ते कण जागच्या जागीं जखडून टाकतात. बारीक पाटीवरचा कण साधारणपणें २५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो. हे हिरे दागिन्यांतले नव्हेत. १९५४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत ट्रेसी हॉल यांनीं प्रचंड दाब व उष्णता यांच्या साहाय्यानें कृत्रिम हिरा तयार केला. पुढें अशा हिऱ्यांचें उत्पादन वाढत गेलें, म्हणूनच आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडणारी पाटी बाजारांत येऊं शकली.

आतां वडिलांच्या दगडाला तेल कां लागे? तो दगड सच्छिद्र असतो. लोखंडाचा कीस त्याच्या छिद्रांत रुतून बसला, तर दगड गुळगुळीत होतो. तेलामुळें तो कीस वर तरंगत राहातो आणि फडक्यानें पुसून घेतां येतो. हिऱ्याच्या पाटीला अशीं छिद्रें नसतात. पण तिच्यावरचे कण निकेलच्या पृष्ठभागावर लहान लहान टेंकड्यांसारखे उभे असतात, आणि त्या टेंकड्यांमधल्या दऱ्यांत कीस सांचतो. दऱ्या भरल्या कीं टेंकड्यांचीं टोकें पात्यापर्यंत पोंचत नाहींत. म्हणजे येथें द्रवाचें काम काय, तर हा कीस भिजवून सैल ठेवावयाचा आणि वाहून न्यावयाचा. कोणी म्हणतात कीं, द्रव नसेल तर उष्णतेनें हिरा खराब होईल. सुमारें ७०० अंशांच्या वर तापमान गेलें, तर हिऱ्यांतला कार्बन लोखंडांत विरूं लागतो, हें खरें आहे. आणि म्हणूनच कारखान्यांत वेगानें फिरणाऱ्या हिऱ्याच्या चाकावर पोलाद घासावयाचें टाळतात. पण आपण हातानें, सावकाश, एक सुरी घासतों. तेथें पातें कोमटहि होत नाहीं. एकाददुसरी सुरी कोरडी घासून पाटी ओल्या फडक्यानें पुसली, तरी कांहीं बिघडत नाहीं. कोरड्या घासण्यांत लोखंडाची बारीक धूळ उडते आणि ती ओट्यावर, नाकांत जाते, एवढेंच. माझ्या मतें तेवढें कारणहि थोडें नाहीं.

मग प्रश्न उरतो तो द्रव कोणता, हा. पाण्याकडे मन पहिल्यानें वळतें आणि तें योग्यच आहे. परंतु नुसतें पाणी पाटीवर टाकून पाहा : तें पसरत नाहीं, अळवाच्या पानावरच्या थेंबांसारखें गोळा होऊन बसतें. येथें हिऱ्याच्या स्वभावाची एक मौज सांगावीशी वाटते. हिऱ्याला पाण्याचा तिटकारा आणि स्निग्ध पदार्थाची ओढ असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेंतील किंबर्लीच्या खाणींत या स्वभावाचा मोठा चतुर उपयोग करण्यांत आला. चरबीसारखें वंगण फांसलेल्या उतरत्या मेजांवरून खडी आणि पाणी यांचा लोंढा सोडीत. ओले खडे वाहून जात आणि हिरे तेवढे वंगणाला चिकटून राहात! तेव्हां पाटीवर पाणी नाखुषीनें राहातें, यांत नवल नाहीं. उपाय मात्र सोपा आहे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या घरांत असतो; भांडीं घासण्याच्या पातळ साबणाचे दोन थेंब वाटीभर पाण्यांत पडले कीं तो निम्म्याहून खालीं येतो. असें पाणी पाटीवर पसरतें, कण आणि निकेल या दोहोंना भिजवितें आणि कीस उचलून घेतें.

पाण्यांत एकच खोट आहे, ती म्हणजे गंज. निकेल गंजत नाहीं हें खरें, पण त्याच्या पातळ थरांत कोठें ना कोठें सुईच्या अग्राएवढें छिद्र राहून जातें, आणि तेथें खालचें पोलाद उघडें पडतें. निकेल आणि लोखंड एकत्र ओलीं राहिलीं, तर झीज लोखंडाच्या वांट्याला येते. एवढेंच नव्हे, तर तें एकटें असतें त्याहून अधिक वेगानें गंजतें. गंज थराखालीं पसरला कीं निकेलला पोपडे येतात आणि त्यांच्याबरोबर हिरेहि जातात. म्हणून काम झाल्यावर पाटी स्वच्छ पाण्यानें धुऊन लगेच कोरडी करावी आणि कांहीं वेळ उभी ठेवावी. कोंकणपट्टींत आणि मुंबईच्या दमट हवेंत तर यांत एका रात्रीचीहि दिरंगाई करूं नये.

कांच पुसण्याचा जो द्रव बाजारांत मिळतो, तोहि पुष्कळ लोक वापरतात. त्यांत बहुधा मद्यार्क असतो, त्यामुळें तो चटकन् पसरतो व चटकन् उडून जातो. चांगला आहे, मात्र त्याच ओट्यावर ब्लीचिंगचें पाणी असूं देऊं नका. कांहीं काचद्रवांत अमोनिया असतो, आणि या दोहोंच्या मिश्रणांतून विषारी वायु निघतो. व्हिनेगर, लिंबू किंवा कसलेंहि आम्ल पाटीला लावूं नये, कारण हिऱ्यांना धरून ठेवणाऱ्या निकेलवरच तें घाव घालतें. पूर्वीं घरोघरीं घासलेट असे आणि कीस धुऊन काढण्यांत तें पटाईत होतें. पण त्याचा वास आणि पेट घेण्याची भीति पाहतां, ज्या सुरीनें कांदा चिरावयाचा तिला तें लावूं नये, असें माझें मत आहे.

आतां तेलाविषयीं. करडई, जवस यांचीं तेलें हवेंतल्या प्राणवायूशीं संयोग पावून सुकतात. जवसाचें तेल रंगांत घालतात तें याच गुणासाठीं. जो गुण चित्रकाराच्या उपयोगाचा, तोच माझ्या पाटीच्या नाशास कारण झाला. खोबरेल तेल सहसा सुकत नाहीं, परंतु पुण्याच्या थंडींत तें थिजून बसतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. तेलच वापरावयाचें असेल, तर शिवणयंत्राचें पातळ खनिज तेल घ्यावें. आणि स्वयंपाकाच्या सुरीसाठीं औषधांच्या दुकानांतलें लिक्विड पॅराफीन. हीं तेलें वर्षानुवर्षें चिकट होत नाहींत. सुरतेचे कारागीर तेलांत हिऱ्याची पूड कालवून हिऱ्याला पैलू पाडतात, मग आम्हीं तेल कां वापरूं नये, असें एका स्नेह्यानें मला विचारलें. पण त्या कामांत पूड मोकळी असते, तिला चाकावर धरून ठेवण्यास तेल हवें; आपल्या पाटींत तें काम निकेलनें आधींच केलेलें आहे. शिवाय एकदां तेल लावलेल्या पाटीवर पुढें पाणी ठरत नाहीं. तेव्हां ज्याची त्यानें निवड करावी आणि मग ती पाळावी. घरच्या सुऱ्यांसाठीं मी साबणाचें पाणी पसंत करतों.

द्रव कोणताहि असो, जोर लावूं नका. नवी पाटी प्रथम खरखरीत लागते, कारण कांहीं कण इतरांहून उंच आलेले असतात. थोड्या वापरानें तें निवळतें. वजन टाकून घासलें, तर कण थरांतून उपटले जातात, आणि ते पुन्हा बसविण्याची सोय घरांत नाहीं.

माझ्या पाटीचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. अंगठा बरा झाल्यावर मीं गरम पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळवून त्यांत ती तासभर ठेवली आणि दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें खरवडली. पिवळा थर साबणासारखा फेंसाळत निघून गेला. खालचे हिरे होते तसेच होते. त्याच संध्याकाळीं, हलक्या हातानें, सुरीला दहा मिनिटांत धार आली. वडिलांचा काळा दगड अजून पेटींत आहे, आणि त्याला मी तेलच लावतों.