वायरीच्या रंगावर जाऊ नका



माझ्याकडे १९९६ची मारुती ८०० आहे. ती मी घेतली तेव्हाच दहावीला बसण्याच्या वयाची होती. तिच्या डॅशबोर्डात कॅसेटचा डेक होता. गेल्या पावसाळ्यात त्यानं शेवटची कॅसेट गिळली आणि तो कायमचा गप्प झाला. नवा स्टिरिओ घ्यायला दुकानात गेलो. ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, एफएम, सगळं होतं. मी विचारलं, मीडियम वेव्ह आहे का? दुकानातला मुलगा हसला. म्हणाला, “सर, आता मीडियम वेव्ह कोन ऐकते?”

मी म्हटलं, घाट उतरणारा ऐकतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलण्यातच पाडलेले आहेत, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव घाटाखाली. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. राजूर घाटाच्या वळणावर डोंगर आडवा आला की निवेदकाचं वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि नुसती खरखर उरते. मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, तिला डोंगराचं एवढं वाटत नाही. शिवाय रात्री तिची पोच वाढते. आकाशात उंचावर एक थर असतो, तो दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि या लहरी खाऊन टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून लांब लांब उतरतात. तीनशेच्या वर किलोमीटरवरचं नागपूर, ५८५ किलोहर्ट्झवर, बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे जाताना मी गाडीत कितीदा ऐकलेलं आहे. मोबाइलची रेंज त्याच रस्त्यावर माझा हात सोडते.

तर मीडियम वेव्ह असलेला स्टिरिओ शोधून आणला. खोबणीत बसवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, कारण समोरून १८० बाय ५० मिलिमीटर हे माप जगभर ठरलेलं आहे. खरी गोष्ट पाठीमागे असते. जुना डेक ओढून काढला आणि पाहतो तर वायरी जोडायचा कपलर नाही! आधी कुणीतरी तो कापून टाकलेला. सात-आठ वायरी मुरगाळून एकमेकींना बांधलेल्या आणि सगळ्याच्या सगळ्या लाल. ज्यानं हे काम केलं त्याच्याकडे त्या दिवशी बहुधा लाल वायरीचंच बंडल शिल्लक असावं.

नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग मात्र बहुतेक ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, कायम चालू. लाल किल्लीवरची, म्हणजे किल्ली फिरवल्यावर करंट येणारी. काळी अर्थची. पण हा रंगांचा करार स्टिरिओपुरता. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे आणि जुन्या गाडीत तर मधल्या हातांचेही रंग मिसळलेले. म्हणून रंगाला रंग जोडायचा नाही. वायरीलाच विचारायचं.

विचारायचं कसं? मल्टिमीटर बारा व्होल्ट सोसेल अशा डीसीच्या खुणेवर ठेवायचा, त्याची काळी पिन गाडीच्या उघड्या लोखंडाला लावायची आणि लाल पिन एकेका वायरीला. किल्ली काढलेली असताना जी बारा व्होल्ट दाखवते ती पिवळीची जोडीदार. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर जी जागी होते ती लालची. दिव्यांचं बटण दाबल्यावर जी जागी होते ती डॅशबोर्डच्या उजेडाची. ओळख पटली की वायरीवर कागदाची चिठ्ठी चिकटवायची. स्मरणशक्तीवर भिस्त नको. आणि हे विचारून झालं, की जोडणीला हात घालण्याआधी दहाच्या पान्यानं बॅटरीचं मायनसचं टर्मिनल सोडवून बाजूला ठेवायचं. मी एकदा आळस केला होता. पिवळी वायर स्टिअरिंगखालच्या लोखंडाला टेकली, ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. फ्यूज गेला म्हणून वायर वाचली. फ्यूज स्टिरिओसाठी असतो असं आपण समजतो, पण आधी तो वायर पेटू नये म्हणून असतो. म्हणूनच बॅटरीपासून नवी वायर ओढाल तर फ्यूज बॅटरीजवळ लावा, स्टिरिओजवळ नव्हे.

लाल आणि पिवळी यांची गल्लत फार होते. दोन्ही किल्लीवर जोडल्या तर गाणी वाजतात, पण किल्ली काढली की स्टिरिओ सगळं विसरतो. घड्याळ बारावर आणि शोधून ठेवलेली स्टेशनं गायब. दोन्ही थेट बॅटरीवर जोडल्या तर स्मरण पक्कं राहतं, पण बंद करायचा विसरलात तर सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक. ओळखीच्या एका पाहुण्यांनी याच कारणानं वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला.

आता स्पीकरकडे येतो. महागडी चूक इथेच होते. जुन्या गाड्यांत वायर वाचवण्यासाठी स्पीकरचं एक टोक सरळ बॉडीला अर्थ केलेलं असायचं. जुन्या सेटला ते चालत होतं. आताच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, सहा-सात व्होल्ट बसलेले असतात आणि आवाज त्या दोघींच्या खालीवर होण्यातून निघतो. स्पीकरच्या वायरीवर काळा पट्टा दिसला म्हणून ती अर्थ समजून बॉडीला जोडली, तर आतली चिप एक तर स्वतःला बंद करून घेते, नाहीतर जळते. स्पीकरचा काळा पट्टा म्हणजे मायनस, अर्थ नव्हे. माझ्या गाडीत मागच्या काचेखालच्या फळीवरचे दोन्ही स्पीकर असेच बॉडीला टेकवलेले निघाले. मी प्रत्येकाला दोन-दोन नव्या वायरी टाकल्या, पायदानाखालच्या पट्टीतून मागे नेल्या. अर्धा दिवस गेला.

प्लस कुठला, मायनस कुठला, हे ओळखायला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरे. वायरी स्टिरिओला जोडलेल्या नसताना सेलची दोन टोकं त्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. स्पीकर ‘टक्’ करतो आणि त्याचा कागदी पडदा हलतो. बाहेर आला तर सेलचा प्लस तुमच्या प्लसला लागला. आत गेला तर उलटा. ही चाचणी न करता एक स्पीकर सुलटा आणि एक उलटा जोडला, तर दोन्ही वाजतात, पण ढोलकीतला धुम गळून जातो. एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत असतो.

जाता जाता, खोक्यावर लिहिलेल्या ‘चार गुणिले पन्नास वॅट’बद्दल. गाडी चालू असताना बॅटरीला १४.४ व्होल्ट मिळतात. चार ओहमच्या स्पीकरला एवढ्यात स्वच्छ आवाज जास्तीत जास्त सव्वीस वॅटच्या आसपास, तोही हिशेबात. पन्नासचा आकडा निघतो तो आवाज फाटेपर्यंत ताणल्यावर. स्टिरिओच्या पाठीमागचा दहा अँपिअरचा फ्यूज पाहा, तो खोटं बोलत नाही.

काळी वायर शेवटी. ती रंग दिलेल्या स्क्रूखाली दाबली की इंजिनाच्या रेसबरोबर चढत जाणारा ‘कुईंऽऽ’ असा आवाज गाण्यात शिरतो. पत्र्यावरचा रंग, गंज खरवडून लख्ख लोखंड दिसू द्यायचं आणि मग घट्ट आवळायचं. अँटेनाचंही तेच. ती फेंडरवर जिथे बसते तिथे गंज असेल, तर मीडियम वेव्हवर इंजिनातल्या प्लगची टरटर नागपूरपेक्षा मोठी ऐकू येते.

आणि जोड. मुरगाळून काळी टेप गुंडाळली की झालं, असं आपल्याकडे चालतं. मेकॅनिक मित्र म्हणाला, “सर, तुमी कायले तरास घेता, मी गुंडाळून देतो न.” घाटावर ती टेप एखादा उन्हाळा तगेल. मलकापूरला मे महिन्यात गाडी उन्हात उभी करा, आतला डिंक पाझरतो आणि टेप केळीच्या सालीसारखी सुटते. मी प्रत्येक जोडाला कथलाचा डाग दिला, वर आकसणारी नळी चढवली. आणि मूळ कपलर शाबूत असेल तर तो कापू नकाच. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा जोड-कपलर बाजारात थोडक्या पैशांत मिळतो.

सगळं झाल्यावर राजूर घाट उतरलो. तिसऱ्या वळणावर एफएम खरखरलं, मी बटण दाबलं. मीडियम वेव्हवर शेतीविषयक कार्यक्रम चालू होता, सोयाबीनवरच्या किडीबद्दल. शेजारी बसलेले आमचे मेहुणे म्हणाले, “एवढा खटाटोप केला तो याच्यासाठी का?” आणि मग पुढची दहा मिनिटं त्यांनी मला बोलू दिलं नाही, कारण त्यांच्या शेतात तीच कीड होती.

एक सांगायचं राहिलं. जोडणी संपल्यावर तुमच्या हातात एक निळी वायर उरेल. ती वर-खाली होणाऱ्या विजेच्या अँटेनासाठी असते, माझ्या गाडीत तसली नाही. उरली म्हणून तिचं तोंड उघडं सोडून मागे कोंबू नका. स्टिरिओ चालू झाला की तिच्यातही बारा व्होल्ट येतात. तिच्या टोकाला नळी चढवून, दुमडून बांधून ठेवा.