भुलेखालील तपासणी आणि रुग्णाची संमती

काही तपासण्या रुग्ण जागा असताना करता येत नाहीत. पोटावर बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने गर्भाशय पाहणे, लहान मुलाच्या श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा शोधणे, अशा वेळी भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देतात. भूल चढल्यावर रुग्णाला काही विचारता येत नाही की नको म्हणता येत नाही. त्यामुळे संमती आधीच घ्यावी लागते.

ही संमती कुठवर पुरते, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी केला. प्रकरण 1995 सालचे, दिल्लीतले. 44 वर्षांची एक अविवाहित स्त्री अंगावरून फार जाते म्हणून दवाखान्यात आली. तिने सही केलेल्या कागदावर दुर्बिणीची तपासणी व शस्त्रक्रिया आणि गरज पडल्यास पोट उघडणे, एवढेच होते. ती भुलेखाली असताना सहाय्यक डॉक्टर थिएटरबाहेर आल्या, बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन आत गेल्या आणि रुग्णाचे गर्भाशय, बीजकोश व बीजनलिका काढण्यात आल्या. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हे न्यायालयाने मानले. तरीही निदानासाठीची संमती उपचाराला चालत नाही आणि सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य असताना आईची संमती ग्राह्य नाही, असे ठरले. जीव वाचवण्यासाठी किंवा प्रकृतीला गंभीर धोका असल्याने थांबणेच अशक्य असेल, तर मात्र अपवाद. शस्त्रक्रियेची फी नाकारण्यात आली, भरपाई 25,000 रुपये. रक्कम तुटपुंजीच म्हणायची.

गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीसारख्या गावाला हा निकाल जवळचा आहे. बाईची तपासणी असली तरी कागद नवऱ्यापुढे किंवा थोरल्या मुलापुढे सरकवण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची सही लागते. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईसाठी तिची स्वतःचीच. मोठ्या तपासणीसाठी इथले रुग्ण गडहिंग्लजला, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा बेळगावला जातात. हातात आलेला कागद कन्नड वा इंग्रजीत असेल आणि कोणी मराठीत समजावून सांगितले नसेल, तर त्यावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. तपासणी कशासाठी, तिचे फायदे व मोठे धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का आणि नकार दिल्यास काय होईल, हे रुग्णाला सांगितले पाहिजे, असे त्याच निकालात आहे.

शिक्षणासाठी होणारी तपासणी हा आणखी नाजूक भाग. बेशुद्ध स्त्रियांची योनीमार्गाची तपासणी विद्यार्थ्यांकडून त्यांना न विचारता करवून घेतली जात होती, हे न्यूझीलंडमधील चौकशीत 1988 साली उघड झाले. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एप्रिल 2024 मध्ये अशा तपासणीसाठी लेखी संमती आवश्यक असल्याचे रुग्णालयांना कळवले. ही तपासणी रुग्णाच्या उपचारासाठी नसते. त्यामुळे ती कोण करणार आणि कितीजण करणार, हे वेगळे विचारावे लागते. रुग्णाने याला नकार दिला म्हणून त्याचा उपचार अडवता येत नाही, आणि आधी होकार दिला असला तरी भूल चढेपर्यंत तो मागे घेता येतो.