संध्याकाळी पाच वाजता आलेला मजूर

आज जरा पैशाबद्दल बोलू या. पण शेअर बाजार नको, बायबलमधली एक गोष्ट घेऊ.

मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात मजूर आणायला जातो. दिवसाचा एक दिनार ठरतो, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग नऊला, बाराला, तीनला तो पुन्हा जातो. संध्याकाळी पाचलाही काही जण तिथेच उभे असतात. का उभे आहात, विचारलं तर म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही नेतो. दिवस मावळल्यावर हिशेब होतो आणि सगळ्यांना सारखाच एक दिनार मिळतो. पहाटेपासून राबलेले चिडतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलं तेवढं दिलं. माझ्या पैशातून दुसऱ्याला जास्त दिलं, तर तुम्हाला का खुपावं?

तुम्ही माझ्यासारखं एमबीए केलं असेल, तर पहिला प्रश्न हाच पडेल: उद्या पहाटे कोण येणार? सगळे पाचलाच उगवतील! प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ती विचारवंतांचंही इथे एकमत नाही. कुणी म्हणतं, मालकाने करार पाळला, पैसा त्याचा, मर्जी त्याची. कुणी म्हणतं, गोष्ट देवाच्या कृपेची आहे, पगारपत्रकाची नव्हेच. पण पाचला आलेले मजूर आळशी होते, असं गोष्ट कुठेही म्हणत नाही. आपल्याकडचा मजूर अड्डा आठवा. दणकट गडी आधी उचलले जातात, म्हातारे मागे उरतात. पोट मात्र दोघांनाही असतं.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं. त्यात समाजवादाला ठाम विरोध आहे, खासगी मालमत्तेचा हक्क मान्य आहे. तरीही ते बजावतात की दोघांनी राजीखुशीने करार केला, एवढ्याने मजुरी न्याय्य होत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं तिच्यात भागलंच पाहिजे. खरंच आहे, घरात चूल पेटायची असेल तर माणूस कुठल्याही दराला हो म्हणतो.

हा विचार आपण राहतो त्या देशातही उतरला. २००१ मध्ये पूर्व लंडनमधल्या चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटनांनी मिळून 'लिव्हिंग वेज'ची मोहीम सुरू केली. दोन-दोन नोकऱ्या करून मुलांसाठी वेळ उरत नाही, ही लोकांची तक्रार होती. हा दर घरभाडं, जेवणखाण अशा खऱ्या खर्चावरून काढतात. सरकारी किमान वेतन कायद्याने द्यावंच लागतं. हा दर कंपन्या स्वखुशीने देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो लंडनसाठी तासाला १३.८५ पाउंड आणि बाकी देशासाठी १२.६० पाउंड जाहीर झाला.

म्हणजे सगळ्यांना सारखा पगार द्या, असं नव्हे. कौशल्याला जास्त मोल मिळू दे. पण खाली एक जमीन हवी, तिच्याखाली कुणी जाऊ नये.

मंडळी, आपल्यापैकी कुणाचं रेस्टॉरंट आहे, कुणी कंत्राटं मंजूर करतं. पुढच्या वेळी सफाईचं सर्वांत स्वस्त टेंडर समोर आलं, तर एकच प्रश्न विचारा: यात झाडू मारणाऱ्याच्या हातात तासाला किती पडतात? तेवढ्यात तुमचं घर चालेल का, हेही मनात ताडून पाहा, आणि मगच सही करा.