दिवाळी, हयातीचा दाखला आणि काकूंचा चिवडा

(मंडळाच्या दीपावली स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला "चार शब्द कृतज्ञतेचे" बोलायला सांगितले आहे. मी कॉमर्सचा माणूस. जमा कुठे आणि नावे कुठे एवढेच मला कळते. तेव्हा हिशेबच मांडतो, आणि त्यात नावे बाजूला मीच आहे.

माझी नोकरी दाल बाजारातल्या बँकेत, काउंटरवर. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस तिथे कसे असतात ते आपण पाहिले असेल. बाहेर पल्लेदारांच्या पाठीवर पोती, हातगाड्या अडकलेल्या, आणि आत प्रत्येक व्यापाऱ्याला लक्ष्मीपूजनासाठी कोऱ्या नोटांची गड्डी हवी. दहाची असेल तर उत्तम. गड्ड्या येतात मोजक्या आणि ओळखी निघतात शंभर. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा दिवाळी होऊन दहा दिवसही झाले नव्हते. पूजेत ठेवलेल्या पाचशेच्या आणि हजारच्या नोटा कुंकवाच्या डागांसकट परत आमच्याकडे आल्या. शनिवार-रविवारसुद्धा बँक उघडी होती. त्या दिवसांत एका व्यापाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला होता, तो मी अजून विसरलेलो नाही. असो.

पण नोव्हेंबर महिना खरा पेन्शनर मंडळींचा. हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा असतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगायचे. नाही सांगितले तर पेन्शन थांबते. तुळशीचे लग्न, मुलांच्या सुट्ट्या, पाहुणे आणि हे सगळे एकदमच.

आपल्यातल्याच एक काकू आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. यजमान महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले, ते गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन. मुलगा पुण्याला. काकूंनी ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले. दरवर्षी दाखला द्यायला येताना हॉर्लिक्सच्या बरणीत माझ्यासाठी चिवडा आणतात.

२०२३ साली विधानसभेचे मतदान १७ नोव्हेंबरला होते आणि दिवाळी १२ला. त्या वर्षी ऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. काकूंच्या घरी मतदान कर्मचारी आले, बरोबर पोलीस, व्हिडिओवाला. काकूंनी इरकली नेसून मत दिले आणि सगळ्यांना लाडू दिले. "अरे, इतकी माणसं तर माझ्या लग्नाची बोलणी करायलाही आली नव्हती," असे मला सांगत होत्या.

आणि त्याच काकू भाऊबीजेनंतर गुडघे दाबत, ई-रिक्शातून दाल बाजारात आल्या, मी जिवंत आहे हे सांगायला. त्या दिवशी मी निवडणूक ड्यूटीवर होतो. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मशीन बोटांचे ठसे घेईना. जन्मभर भांडी घासलेली बोटे, ठसे राहणार कुठून! साधा कागदी फॉर्म भरून साहेबांची सही घेता आली असती. पाच मिनिटांचे काम. पण माझ्यासमोर वीस माणसांची रांग होती. मी म्हटले, "काकू, उद्या या." बरणी मात्र ठेवून घेतली.

काकू उद्या आल्या नाहीत. मीही विसरलो. ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा गर्दीही नसते, हे मला ठाऊक होते. काकूंना नव्हते, आणि मी सांगितले नव्हते.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तर चहा आला तो बिनदुधाचा. आधी वाटले, पथ्य असेल. मग पासबुक मागून पाहिले. डिसेंबरचे पेन्शन जमाच झालेले नव्हते. मुलाला सांगितले नव्हते, "त्याचे हप्ते असतात" म्हणून. मला सांगितले नव्हते, "तू कामात असतोस" म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेबांना स्कूटरवर मागे बसवून त्यांच्या घरी नेले, फॉर्म भरला, सही झाली. थकबाकीसकट पेन्शन जमा झाले. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटले, "तुझे उपकार कसे फेडू रे?" मी ते उभ्याने ऐकून घेतले. चूक माझी होती हे त्यांना सांगायचे धाडस त्या दिवशी झाले नाही. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत म्हणून सांगतो आहे.

मी कोणत्या पक्षाचा नाही, आणि बँकेच्या नोकराने व्यासपीठावर असूही नये. पण पुढच्या निवडणुकीत उमेदवार आपल्या मंडळात मते मागायला येतीलच. शिंद्यांच्या इतिहासावर आणि मराठी माणसाच्या योगदानावर ते छान बोलतात. आपण टाळ्या वाजवतो. त्यांना एवढेच विचारा, की मत न्यायला सरकार दारात येऊ शकते, तर दाखला न्यायला का नाही? सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २०१७ पासून आहे. पोस्टमनही थोडे शुल्क घेऊन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो. सोय आहे. फाळके बाजारातल्या आणि चिटणीस की गोठमधल्या जिन्यांवर ती चढत नाही.

तोपर्यंत आपले आपण करू. मागे टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी किंवा शेजारी एकटे पेन्शनर असतील, त्यांनी त्यांचे नाव, गल्ली आणि पेन्शन कुठल्या बँकेत आहे ते लिहावे. ठसे उमटत नसतील तर तेही लिहावे. रविवारी सकाळी मी आणि आणखी तिघे जण निघणार आहोत. स्कूटर दोनच आहेत, तिसरी कोणाकडे असेल तर सांगावे.

फराळ तयार आहे. चिवडा काकूंचा आहे, या वेळी मोठ्या डब्यात.